दुपारी तीनचा बँड

आपल्या फेस्टच्या कमिटीपुढे यंदा एक प्रस्ताव आलाय. एव्हाना तो सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलाच असेल. तीनही दिवस दुपारी होणारे बँड बंद करायचे, त्यांच्यावरचा खर्च वाचवायचा आणि शेवटच्या रात्री बाहेरचा एक मोठा डीजे आणायचा. प्रस्ताव मांडणारी मंडळी माझ्या ओळखीची आहेत, दोघं तर माझ्याच वर्गातले. त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नाही. दुपारी अडीच-तीनला मैदानात असतं कोण? गेल्या वर्षी मी मोजलं होतं. पहिल्या बँडला सत्तावीस माणसं होती. त्यात चार वादकांच्या आया, एक वॉचमन आणि उसाच्या रसाच्या गाड्यावरचा मुलगा. तरी मला हा प्रस्ताव साफ नामंजूर आहे.

का, ते सांगायला आधी पुण्याला जावं लागेल. डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही पाच जण तिथं एका तीन दिवसांच्या म्युझिक फेस्टिव्हलला गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं थोडी कुरकूर येणार आहे. बेळगावहून रात्रीची बस, वानवडीला आत्याकडे मुक्काम, आणि तिकिटाचे पैसे शेजारच्या दोन मुलांच्या इंग्रजीच्या ट्यूशन घेऊन जमवलेले. चार स्टेज, तीन दिवस, पन्नासच्या आसपास बँड. त्यातले मी एकोणीस पूर्ण ऐकले आणि सहा अर्धवट. आकडा एवढा नेमका आहे कारण प्रत्येक बँड संपला की मी साहित्यशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहायचे. मम्मटाच्या काव्यप्रयोजनांच्या पाठीमागं आता ‘ड्रमर डावरा, तिसरं गाणं भारी’ असं लिहिलेलं आहे. वही मागायला कुणी येऊ नये.

एका संध्याकाळी एक कार्यक्रम ऐकणं आणि तीन दिवसांत एकोणीस बँड ऐकणं ह्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. पहिल्या दिवशी माणूस परीक्षकासारखा ऐकतो. हा सुरात आहे, तो बेसुरा आहे, ह्याचा गिटारचा आवाज त्या अमक्यासारखा आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे सगळं गळून पडतं, कारण इतकी मतं बाळगायला डोक्यात जागाच उरत नाही. मग उरतं ते फक्त एवढंच की समोरचा माणूस वाजवतोय ते त्याला वाजवायचं आहे की नाही. हे शंभर फुटांवरूनही कळतं. कसं कळतं ते मला सांगता येणार नाही, पण आमच्या पाचही जणांचं ह्या एका बाबतीत कधी भांडण झालं नाही. बाकी प्रत्येक बाबतीत झालं.

आता वहीतली एक नोंद. दुसरा दिवस, दुपारचे तीन, सगळ्यांत लहान स्टेज. शिलाँगहून आलेले चौघं. डिसेंबर असला तरी पुण्याचं दुपारचं ऊन थेट वादकांच्या डोळ्यांत येत होतं, त्यामुळे गाणारी मुलगी डोळे बारीक करूनच गात होती. लाइटिंगचा प्रश्नच नव्हता, धूर नाही, मागं पडदा नाही. ह्याचा फायदा असा की सगळं दिसतं. बेसवरची बोटं दिसतात, ड्रमरनं मान हलवून दिलेली खूण दिसते, गाणं संपवताना चौघांनी एकमेकांकडे बघितलेलं दिसतं. रात्रीच्या मोठ्या स्टेजवर हे काहीच दिसत नाही. तिथं आपण वादकांकडे नाही, वादकांच्या बाजूच्या स्क्रीनकडे बघतो. आणि मागं उभं राहिलं तर आणखी एक गंमत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर उभं असलेल्या माणसाला ड्रमरची काठी आधी दिसते आणि ठोका पाव सेकंदाहून थोडा उशिरा ऐकू येतो. हेडलायनरचा अर्धा सेट मी असा विजांचा कडकडाट बघावा तसा बघितला.

तर शिलाँगचे चौघं. सुरुवातीला समोर चाळीस माणसं असतील. दोन गाणी इंग्रजी झाली आणि तिसरं खासी भाषेत. माझ्या शेजारचा मुलगा मोमो खात होता, तो खायचा थांबला. चौथ्या गाण्याला जेवणाच्या स्टॉलकडची माणसं हळूहळू इकडे सरकायला लागली. शेवटच्या गाण्यापर्यंत दीड-दोनशे लोक जमले होते आणि त्यातल्या एकालाही त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. कुणी विचारलंही नाही की ही भाषा कुठली, हे गाणं काय म्हणतंय, मराठीत का नाही, हिंदीत का नाही. ते विसाव्या मिनिटाला तिथं नव्हते आणि तिसाव्या मिनिटाला तिथं होते, बस. मला सांगा, यातला एक तरी माणूस त्या बँडचं नाव वाचून तिकीट काढून आला असता का?

माझं म्हणणं एवढंच आहे की अनेक दिवसांच्या संगीतमहोत्सवाचा खरा उपयोग इथं आहे. ज्याच्यासाठी आपण जातो तो बँड आपल्याला पाठ असतो. त्याची गाणी आपण बसमध्ये, भांडी घासताना, परीक्षेच्या आदल्या रात्री ऐकलेली असतात. त्याला प्रत्यक्ष बघण्यात आनंद आहेच, मी काही साधुसंत नाही, शेवटच्या रात्री मीही घसा बसेपर्यंत ओरडले. पण तो आनंद ओळखीचा असतो. अनोळखी माणूस आपल्यासमोर उभा राहून अर्ध्या तासात आपला होतो, हे फक्त दुपारी घडतं.

इतिहासातही हे घडलेलं आहे. वुडस्टॉक आपल्याला माहीत असतं ते टी-शर्टवरून. १९६९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावाजवळ मॅक्स यास्गर नावाच्या दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात ते झालं, लाखो पोरं जमली, पाऊस, चिखल वगैरे. पण त्या कार्यक्रमाचा क्रम नीट बघा. शुक्रवारी सुरुवात रिची हेवन्सनं केली, कारण बाकीचे रस्त्यावरच्या गर्दीत अडकले होते. पुढचा कलाकार पोचेना म्हणून त्याला गातच राहावं लागलं, आणि गाणी संपल्यावर त्यानं एक जुनं भजनवजा गाणं घेऊन त्यातून जागेवरच नवीन गाणं उभं केलं. शनिवारी दुपारी सँटाना नावाचा एक बँड आला. त्यांचा पहिला अल्बम तेव्हा बाजारातही आला नव्हता, तो वुडस्टॉकनंतर त्याच महिन्यात आला. ड्रमर मायकल श्रीव्ह वीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्या एसवायच्या मुलाएवढा. नंतर वुडस्टॉकवरचा जो माहितीपट निघाला त्यात त्या पोराचा ड्रम सोलो आहे आणि तो आजही लोक बघतात. उलट सगळ्यांत मोठं नाव जिमी हेंड्रिक्स. तो उशीर होत होत सोमवारी सकाळी स्टेजवर आला, तोवर बहुतेक गर्दी घराकडे निघून गेली होती.

आता समजा वुडस्टॉकच्या कमिटीनं ठरवलं असतं की दुपारचे बँड नकोत, हेंड्रिक्स एकटाच पुरे. गर्दी तर तेवढीच आली असती!

आणि हे काही साहेबाकडून शिकायला नको. सवाई गंधर्व महोत्सव घ्या. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून तो पुण्यात सुरू केला. गुरू म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, आणि कुंदगोळ आपल्यापासून काही फार लांब नाही, हुबळीच्या पलीकडे. आत्याचे सासरे रमणबागेतल्या रात्रभराच्या मैफलींना जायचे, घोंगडी आणि थर्मास घेऊन. त्यांचं सांगणं असं की संध्याकाळी लवकर बसणारे तरुण गायक ऐकले नाहीत तर पहाटेच्या बुजुर्गांना ऐकायचा हक्क नाही. थोडं कडक आहे हे, आजोबा सगळ्याच बाबतीत कडक आहेत, पण त्यात एक व्यवस्था आहे. नवीन माणूस आधी बसतो, त्याला श्रोते तयार मिळतात, आणि काही वर्षांनी तोच हळूहळू रात्रीकडे सरकतो. आधी बसायला जागाच ठेवली नाही तर रात्रीला माणूस कुठून आणणार? पुढं आवाजाचे नियम आले, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, सरकारनं दिली तर वर्षातून मोजके दिवस बारापर्यंत सवलत. तेव्हापासून रात्रभर वगैरे संपलं. क्रम मात्र टिकला.

आता ती कुरकूर. पुण्याच्या त्या फेस्टिव्हलमध्ये चार स्टेज एकाच वेळी चालू असायचे. परिणामी तुम्ही कुठंही असा, तीन ठिकाणी नसताच. आमच्या ग्रुपवर तीन दिवस एकच चर्चा: साडेपाचला हा की तो? अर्धा हा, अर्धा तो, मग पळत जायचं, तोवर तिकडचं चांगलं गाणं होऊन गेलेलं. अर्धवट ऐकलेले सहा बँड ते हेच. शिवाय दोन स्टेजमध्ये अंतर एवढं कमी की एक मुलगी एकटी गिटार घेऊन अतिशय हळू आवाजात गात होती आणि तिच्या प्रत्येक ओळीच्या मध्ये पलीकडच्या मेटल बँडचा बेस ड्रम धडधडत होता. तिनं दोनदा हसून सोडून दिलं. तिसऱ्यांदा तिनं त्याच ठेक्यावर आपलं गाणं म्हणायला सुरुवात केली, लोकांनी डोक्यावर घेतलं तिला. पण हे काही आयोजकांचं श्रेय नव्हे. आणि हो, आत पाण्याची बाटली नेऊ देत नव्हते, आतल्या पाण्याचा भाव ऐकून तहान जायची, आणि कार्डात भरलेले उरलेले पैसे अजून परत आलेले नाहीत.

अरुणाचलमध्ये झिरोला २०१२ पासून एक महोत्सव होतो. भातखाचरांच्या त्या खोऱ्यात आपातानी लोक राहतात, स्टेज बांबूचे बांधतात, आणि चार दिवस बाहेरचे आणि ईशान्येतले बँड वाजवतात. आमच्यातली एक मैत्रीण तिथं जाऊन आली आहे. तिथं दोन स्टेज आहेत, एक दिवसाचा, एक रात्रीचा. त्यांची नावंच आपातानी भाषेत सूर्य आणि चंद्र, दान्यी आणि पीलो. सूर्य संपला की चंद्र सुरू. निवड करायची गरजच नाही, जो समोर येईल तो ऐकायचा. माझ्या मते ही जगातली सगळ्यांत शहाणी मांडणी आहे. कारण निवड दिली की माणूस ओळखीचंच निवडतो. मीही तेच करते, तुम्हीही. स्पॉटिफाय तर आपल्यासाठी दिवसभर तेच करतं.

आपल्या फेस्टकडे ही मांडणी आपसूक आहे, आपल्याकडे दुसरा स्टेज उभारायला पैसेच नाहीत! ती एक गोष्ट आपल्याकडे बरोबर आहे, आणि नेमकी तीच आपण काढून टाकायला निघालोय.

आता ज्या मुद्द्याबद्दल कुणी उघड बोलत नाही त्याबद्दल बोलते. डीजे हवा असण्याचं कारण फक्त गर्दी नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्याच फेस्टमध्ये एका बँडनं दोन मराठी गाणी सलग म्हटली, मागून कुणीतरी ‘कन्नड, कन्नड’ म्हणून ओरडलं, त्याला दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं. दोन मिनिटांत सगळं थंड झालं, बँडनं एक कन्नड गाणं म्हटलं आणि त्यावर दोन्ही बाजूची पोरं नाचली. पण त्या दोन मिनिटांनी ऑफिसला धडकी भरली. तेव्हापासून बँडकडून गाण्यांची यादी आधी मागतात आणि यादीत भाषा लिहायला लावतात. डीजेला भाषा नसते, म्हणजे निदान तसं समजलं जातं. मग डीजे बरा. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला ही भीती समजू शकते, मला समजते. बस जाळल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी लहानपणापासून बघितल्या आहेत.

तरी विचार करा. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या सुळेभावीचा, शाळेच्या सहलीला जाण्याच्या अंतरावर. घरातलं नाव शिवपुत्र कोमकली. पुढं ते देवासला गेले आणि मराठी माणसानं त्यांना आपलं म्हटलं. भीमसेन जोशी गदगचे, त्यांनी मराठीत अभंगवाणी गायली आणि कन्नडमध्ये दासवाणी. ह्या मातीतल्या माणसांनी दोन भाषांत गाणं ही काही सवलत म्हणून केलेली गोष्ट नाही, त्यांचा कानच तसा होता. माझ्या स्वतःच्या चर्चमध्ये कोकणी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चारही भाषांत मिस्सा होतात, आणि नाताळच्या रात्री आमची क्वायर चारही भाषांतली गीतं म्हणते. भाषेवरून कधी वाद झाला नाही असं मी म्हणणार नाही, सोप्रानोंच्या जागेवरून तर दरवर्षी होतो. पण वाद झाला म्हणून फादरांनी क्वायर बंद करून सीडी लावली असं ऐकलंय का कधी?

पुण्यात त्या खासी गाण्यावर उभे राहिलेले दोनशे लोक मला सारखे आठवतात ते यामुळे. ते काही फार उदार मनाचे होते असं नव्हे. त्यांच्यात पार्किंगवरून भांडणारेही असतील. फक्त त्या वेळी त्यांच्यासमोर चार जिवंत माणसं वाजवत होती. न समजणारी भाषा यादीत लिहिलेली दिसली की त्रास होतो. तीच भाषा घामेजलेल्या चेहऱ्यावरून आली की माणूस ऐकून घेतो. आपल्या मुलांना एकमेकांची भाषा अशी ऐकायला मिळण्याच्या जागा ह्या शहरात किती उरल्यात, मोजा.

थोडं घरचं. माझे पप्पा पंधरा-सोळा वर्षं लग्नाच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. ते संगीत वाचायला शिकले आजोबांकडून, आणि आजोबा गोव्यात त्यांच्या गावच्या चर्चच्या शाळेत. पूर्वी गोव्यातल्या चर्चमध्ये मेस्त मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. तीच मुलं पुढं मुंबईच्या सिनेमातल्या वाद्यवृंदांत जाऊन बसली. अँथनी गोन्साल्विस हे नाव तुम्ही गाण्यात ऐकलेलं असतं. तो माणूस खरा होता, माजोर्ड्याचा, संगीत संयोजक, आणि प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारा. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधलं ते नाव म्हणजे शिष्यानं गुरूला केलेला सलाम. पण त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्या बाकीच्या शेकडो जणांची नावं पडद्यावर कधी आली नाहीत. पप्पांच्या बँडचं तर काय, बँडच्या मालकाचं नाव ड्रमवर रंगवलेलं, बाकी सगळे ‘बँडवाले’. वरातींमध्ये डीजेची गाडी आली तसं त्यांचं काम कमी कमी होत गेलं. पप्पा यावर फार बोलत नाहीत. आता ट्रम्पेट वर्षातून एकदा निघतं, फेस्ताच्या मिरवणुकीला. (आमच्या घरी ‘फेस्त’ म्हटलं की चर्चचं आणि ‘फेस्ट’ म्हटलं की कॉलेजचं.)

म्हणून बँडमधल्या प्रत्येकाचं नाव घेण्याची जी पद्धत आहे ना, शेवटच्या गाण्याआधी गायक एकेकाकडे हात करून नाव सांगतो आणि तो दोन ओळी एकटा वाजवतो, ती मला फार आवडते. पुण्याच्या एकोणीसपैकी चौदा बँडनी हे केलं. मी ती नावंही लिहून घेतली आहेत, साउंड इंजिनिअरचं नाव घेणारा मात्र एकच बँड निघाला.

पप्पांनी जाताना मला फोमचे इअरप्लग दिले होते. ‘बाय, कानात घाल आणि स्पीकरच्या समोर उभी राहू नको,’ एवढंच म्हणाले. ट्रम्पेटच्या पुढं बसणाऱ्या क्लॅरिनेटवाल्याचे कान गेलेले त्यांनी बघितले आहेत. हे आपल्या फेस्टलाही लागू आहे म्हणून लिहिते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास राहणं कानाला चालतं असा कामगारांसाठीचा एक मान्य हिशेब आहे. त्यानंतर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं! आपल्या गेल्या वर्षीच्या शेवटच्या रात्री मैदानावर केवढा आवाज होता ते कुणी मोजलं नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गात अर्ध्या जणांच्या कानात शिट्टी वाजत होती. लहान बँडच्या लहान आवाजाचं हेही एक बरं असतं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. आत्याबरोबर सकाळी आठच्या मिस्सेला गेले, आगमनकाळ चालू असल्यामुळे क्वायर नाताळच्या तयारीत होती, आणि आतापर्यंत तेरा बँड ऐकून कान इतके जागे झाले होते की ऑर्गन वाजवणाऱ्या काकूंनी दुसऱ्या गीताला लय किंचित ओढून धरली ती मला ताबडतोब कळली. एरवी मी त्याच वेळी सँडलच्या पट्ट्याकडे बघत असते. तिथून थेट फेस्टिव्हल. तीन दिवस प्रत्यक्ष वाद्यं ऐकल्यावर कान असे होतात, हा माझा अनुभव. रेकॉर्डिंगनं असं होत नाही. रेकॉर्डिंगमध्ये चूक होतच नाही, आणि चूक ऐकल्याशिवाय बरोबर म्हणजे काय ते कळत नाही. दुपारच्या बँडच्या भरपूर चुका होतात. एका बँडची गिटारची तार सेटच्या मध्येच तुटली. दुसरी गिटार नव्हती. मग ड्रमर आणि बेसवाल्यानं चार मिनिटं एकच ठेका लावून धरला आणि गिटारवाल्यानं आमच्यासमोर खाली बसून तार बदलली. लोक टाळ्यांनी ठेका देत होते. तार सुरात लागली तेव्हा जो गलका झाला तो शेवटच्या रात्रीच्या आतषबाजीलाही झाला नाही. (यावरून आठवलं: १९७१ च्या बांगलादेशसाठीच्या मैफलीत रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं जुळवली तेव्हा न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी तेच वादन समजून टाळ्या दिल्या होत्या. आम्हाला निदान फरक माहीत होता.)

प्रस्तावाच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करते. आपले दुपारचे बँड जसे चालतात तसे चालू ठेवण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षी दोन बँडच्या मध्ये चाळीस-चाळीस मिनिटं जात होती, कारण प्रत्येकजण आपला ड्रम किट आणून, उतरवून, जोडून, मग आवाज तपासत बसायचा. तेवढ्यात आलेली माणसं वडापाव खायला जायची ती परत यायची नाहीत. पुण्यात सगळ्या बँडना एकच ड्रम किट आणि एकच अ‍ॅम्प्लिफायरचा संच होता, फक्त झांजा आणि स्नेअर ज्याचे त्याचे. एक बँड उतरून दुसरा सुरू व्हायला पंधरा मिनिटं. हे आपल्याला सहज जमण्यासारखं आहे. किट भाड्यानं एकच, तीन दिवसांसाठी. रोज चार बँड, प्रत्येकाला पंचवीस मिनिटं, मध्ये पंधरा. साडेतीनला सुरू करून सहाला संपतं, म्हणजे उन्हाचा वाईट भाग टळतो आणि लेक्चर बुडवायला लागत नाहीत. गाण्यांच्या यादीतला भाषेचा रकाना काढून टाका. प्रत्येक बँडला प्रवासखर्च आणि थोडं मानधन, कारण ‘तुम्हाला स्टेज मिळतोय ना’ हे वाक्य माझ्या पप्पांनी पुरेसं ऐकलंय. आणि पत्रकावर प्रत्येक वादकाचं नाव.

डीजेसाठी जो आकडा सांगितला जातोय त्यात हे तीन वर्षं चालेल, मी हिशेब करून बघितलाय, कमिटीच्या खजिनदाराला दिलेला आहे, ज्याला बघायचा असेल त्यानं त्याच्याकडून घ्यावा. शेवटच्या रात्री नाचायचं आहे ना? नाचू की. आपल्या हॉस्टेलमधला एमए पार्ट वनचा मुलगा फुकट गाणी लावायला तयार आहे, आणि तो चांगली लावतो.

मीटिंग येत्या शुक्रवारी दुपारी साडेतीनला सेमिनार हॉलमध्ये आहे. मतदान हात वर करून होणार आहे, त्यामुळे प्रत्यक्ष यावं लागेल. ज्या बँडना यंदा अर्ज करायचा आहे त्यांनी गुरुवारपर्यंत आपल्या वादकांची नावं आणि वाद्यं लिहून मंडळाच्या पेटीत टाकावीत. पाच अर्ज आलेले आहेत. त्यातल्या एकात ट्रम्पेट आहे.